मऊ चालीची किंमत

साध्या हॅचबॅकचे पुढचे लोअर आर्म वर्षानुवर्षे तक्रार न करता चालतात आणि तिच्या दहापट किमतीच्या जर्मन सेडानचे आर्म त्याआधीच खडखडू लागतात, हे पाहून मालक वैतागतो. त्याचा हिशेब सरळ असतो: पैसे जास्त मोजले, तर भागही जास्त टिकला पाहिजे. गंजरोधक रंगकामाबाबत किंवा सीटच्या चामड्याबाबत हा हिशेब बऱ्याच अंशी जमतो. पुढच्या सस्पेंशनबाबत मात्र तो उलटा पडतो. आलिशान गाडी ज्या गुणासाठी घेतली जाते, तो गुण मोठ्या प्रमाणात आर्मच्या टोकाला बसवलेल्या रबरातून येतो. हे रबर जितके मऊ आणि जितक्या जास्त ठिकाणी, तितकी चाल सुधारते आणि तितकेच आयुष्य घटते. म्हणून हे आर्म टायर आणि ब्रेकपॅड यांच्या पंक्तीत बसवायला हवेत. गाडीबरोबर मिळणारे सर्व्हिसचे वेळापत्रक तसे सांगत नाही. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे तेल कधी बदलायचे हे त्यात छापलेले असते. आर्मपुढे फार तर 'तपासा' एवढाच शब्द असतो. त्यामुळे ठरलेला खर्च अचानक आलेल्या संकटासारखा वाटतो.

आर्म म्हणजे चाकाला गाडीशी बांधणारा दांडा. त्याचे आतले टोक गाडीच्या सांगाड्याला, नेमके सांगायचे तर पुढच्या सबफ्रेमला, जोडलेले असते. बाहेरचे टोक चाक ज्यावर फिरते त्या नकलला जोडलेले असते. बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो: पॉलिश केलेला पोलादी गोळा, त्याला धरणारी प्लास्टिकची वाटी, मध्ये ग्रीस आणि वरून रबरी टोपी. चाक वरखाली होते आणि वळतेही, म्हणून तिथे सर्व बाजूंनी फिरणारा सांधा लागतो. आतल्या टोकाला बुश असतो: बाहेर एक धातूची नळी, आत दुसरी आणि दोघींच्या मध्ये, दोघींना रासायनिक प्रक्रियेने घट्ट चिकटवलेले रबर. आर्म हलतो तेव्हा या बुशात काहीच घासत नाही. रबर स्वतःच पिळवटते आणि परत सुटते. ग्रीस नको, आवाज नाही, धक्का मध्येच शोषला जातो. आर्म धातूचा असतो आणि अपघात किंवा मोठा खड्डा सोडला तर त्याला सहसा काही होत नाही. 'आर्म गेला' असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा बहुधा या दोन टोकांपैकी एक गेलेले असते.

रबर तिथे कसे आले, हे समजून घेतले तर पुढचा मुद्दा सोपा होतो. पूर्वी दोन्ही पुढची चाके एकाच ॲक्सलला असत आणि पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा तो ॲक्सल जागेवर धरत. १९३३ साली मर्सिडीजने ३८० या मॉडेलला कॉइल स्प्रिंग आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र आर्मची जोडी दिली, पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सच्या गाड्यांतही स्वतंत्र पुढचे सस्पेंशन आले. एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकाला कळेनासा झाला. दुसरे वळण टायरने आणले. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल टायरमध्ये ट्रेडखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. रस्त्यावरची पकड आणि टायरचे आयुष्य त्याने खूप वाढवले, पण हा ताठ पट्टा रस्त्यातल्या बारीक कडांचा ठोका टायरमध्ये जिरू देत नाही, तो चाकाला मागे ढकलतो. तो ठोका स्टिअरिंगपर्यंत पोचू द्यायचा नसेल तर चाकाला काही मिलिमीटर मागे सरकायची मुभा द्यावी लागते. ही मुभा देणारी जागा म्हणजे आर्मचा बुश.

इथे अभियंत्यापुढे पेच उभा राहतो. चाक मागेपुढे सैल हवे आणि आडव्या दिशेने घट्ट हवे; आडवे सैल झाले तर वळणावर गाडी डुलते आणि स्टिअरिंग ढिले वाटते. साध्या गाडीत प्रत्येक बाजूला खाली एकच इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा आर्म असतो, त्याला दोन बुश आणि एक बॉल जॉइंट. एका बुशाला घट्टपणा आणि दुसऱ्याला मऊपणा वाटून देऊन तडजोड केली जाते, पण एकाच दांड्याचे दोन्ही बुश एकमेकांना बांधलेले असल्याने ती फार ताणता येत नाही. बीएमडब्ल्यूने १९७७ च्या सेव्हन सिरीजमध्ये हा खालचा आर्म दोन स्वतंत्र दांड्यांत फोडला. एक दांडा आडवा, वळणाचा भार घेणारा. दुसरा तिरका, ब्रेकचा आणि खड्ड्याचा भार घेणारा. आता आडव्या दांड्याचा बुश ताठ ठेवता आला आणि तिरक्याचा हवा तितका मऊ. ऑडीने १९९४ मध्ये आलेल्या ए-फोरला प्रत्येक बाजूला चार दांडे दिले, दोन वर आणि दोन खाली. पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असूनही स्टिअरिंगला झटका जाणवू नये, हा त्यातला मुख्य हेतू. फोक्सवॅगनच्या १९९६ च्या पसाटमध्ये हीच रचना होती आणि तिच्यावर बेतलेल्या, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडल्या गेलेल्या पहिल्या स्कोडा सुपर्बमध्येही. पुण्यात जोडली गेलेली २००२ नंतरची ई-क्लास वेगळ्या वाटेने तिथेच पोचते: खाली दोन स्वतंत्र आर्म, वर एक.

आता मोजून पाहू. एल आकाराच्या आर्मवाल्या साध्या गाडीत दोन्ही बाजू धरून चार बुश आणि दोन बॉल जॉइंट, म्हणजे झिजणारे सहा सांधे. ऑडीच्या चार दांड्यांच्या रचनेत प्रत्येक दांड्याला एक बुश आणि एक बॉल जॉइंट, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून सोळा. शॉक ॲबसॉर्बरच्या तळाचा बुश आणि टाय रॉडची टोके यात धरलेली नाहीत. एकेक सांधा दोन्ही गाड्यांत तितकाच चांगला असला, तरी सोळांपैकी पहिला निकामी होण्याची वेळ सहांपैकी पहिल्याच्या आधी येण्याचीच शक्यता जास्त. त्यात इथले काही बुश मुद्दाम जास्त मऊ केलेले असतात. महाग गाडीचा भाग हलका आहे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांना आर्म पुरवणाऱ्यांत झेडएफ समूहातली लेमफर्डर ही या कामातली नावाजलेली कंपनी आहे.

सगळ्यात बोलका पुरावा तिरक्या दांड्याच्या बुशाचा आहे. अनेक आलिशान गाड्यांत हा बुश भरीव रबराचा नसतो. रबराच्या आत दोन पोकळ्या असतात, त्यांत ग्लायकोलसारखा द्रव भरलेला असतो आणि दोन्ही पोकळ्या एका अरुंद वाटेने जोडलेल्या असतात. चाक मागे ढकलले गेले की द्रव एका पोकळीतून दुसरीत जातो, आणि त्या अरुंद वाटेतून जाताना धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते. ऑफिसच्या दाराला वर बसवलेला क्लोजर दार धाडकन आपटू देत नाही, तसेच काहीसे. हा बुश नेमक्या कोणत्या थरथरीसाठी जुळवलेला असतो ते साध्या गणिताने कळते. सेडानच्या टायरचा परीघ साधारण दोन मीटर असतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे बारा फेरे घेते. रबरावर टांगलेल्या चाकाची मागेपुढे हलण्याची स्वतःची लयही याच टापूत असते. बुश धड असेल तर टायरचा किंचित असमतोल किंवा ब्रेक डिस्कची किंचित जाडपातळ जागा त्यात जिरून जाते. रबर चिरले, द्रव गळून गेला, की तोच असमतोल स्टिअरिंगपर्यंत पोचतो. १९९५ साली आलेल्या, ई३९ नावाने ओळखल्या जाणाऱ्या बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीजमध्ये ताशी ८० ते १०० च्या दरम्यान, विशेषतः ब्रेक लावताना, स्टिअरिंग थरथरण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. लोक डिस्क बदलतात, चाके पुन्हा पुन्हा बॅलन्स करून घेतात, थोडे बरे वाटते आणि थरथर परत येते. डिस्क आणि टायर तेवढेच वाकडे असतात जेवढे आधी होते; ते झाकणारा भाग संपलेला असतो. सगळ्या आर्ममध्ये सगळ्यात मऊ बुश आधी जातो, हा योगायोग नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: दोष आपल्या रस्त्यांचा. त्यात तथ्य आहेच. खड्ड्याची कड, नियम न पाळता बांधलेले उंच स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यात टोपीच्या चिरेतून आत जाणारे गढूळ पाणी बॉल जॉइंटचे आयुष्य निश्चित कमी करते. वाळूचे बारीक कण ग्रीसमध्ये मिसळले की ती पॉलिश पेपरचे काम करते. पण रस्ते हे एकमेव कारण असते तर जिथे रस्ते गुळगुळीत आहेत तिथे ही तक्रार नसती. ई३९ची थरथर जर्मनी आणि अमेरिकेच्या महामार्गांवर चालणाऱ्या गाड्यांतच आधी गाजली आणि ऑडीच्या आठ दांड्यांचा पूर्ण संच युरोपातल्या सुट्या भागांच्या बाजारात नेहमीचा माल आहे. रबर भार सोसून तर थकतेच, शिवाय हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन ते कडक करतात, इंजिनाची उष्णता त्यात भर घालते आणि गळलेले ऑइल ते फुगवते. म्हणून वर्षाला जेमतेम चार हजार किलोमीटर चालणारी, बहुतेक वेळ गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडीही दहा-बारा वर्षांनी याच कामासाठी रॅम्पवर चढते. खराब रस्ता ही तारीख अलीकडे आणतो, एवढेच.

दुसरा आक्षेप जुन्या लोकांचा: अँबॅसेडर आणि पद्मिनीला हे कटकटीचे काम नव्हते. होते, फक्त ते हप्त्याहप्त्याने होत असे. त्या गाड्यांच्या पुढच्या सांध्यांना ग्रीस भरायची निपल असत आणि काही हजार किलोमीटरांनी ग्रीसगन घेऊन बसावे लागे. न बसणाऱ्याच्या गाडीचे किंगपिन सैल होत आणि मग बुशिंग घालणे, पिन बदलणे हे काम निघेच. नव्या सांध्यांनी ग्रीसिंगची कटकट संपवली आणि तिच्याबरोबर दर काही महिन्यांनी गाडीखाली कोणीतरी जाऊन पाहणेही संपवले. बंद सांध्याला मध्येच दुरुस्त करण्याची सोय नाही. तो चांगला असतो किंवा बदलायचा असतो.

मग रबरच नको, असे म्हणणारेही आहेत. त्याऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बाजारात मिळतात आणि टिकाऊपणात ते बहुधा सरस ठरतात. शर्यतीच्या किंवा हौशी गाडीत त्यांना जागा आहे. पण पॉलियुरेथेनचा बुश रबरासारखा धातूला चिकटलेला नसतो. आतली नळी त्यात घासून फिरते, म्हणून वंगण लागते आणि ते सुकले की कुईकुई सुरू होते. शिवाय तो सर्व दिशांनी ताठ असतो. आडवा घट्ट आणि मागेपुढे मऊ हा भेद, ज्यासाठी एका दांड्याचे दोन केले, तोच पुसला जातो. काही नामवंत कंपन्या द्रवाऐवजी भरीव रबराचा मजबूत बुश देतात. हा मधला मार्ग समजण्यासारखा आहे आणि खराब रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीसाठी शहाणपणाचाही. तरीही व्यवहार उघड्या डोळ्यांनी करावा: आयुष्य विकत घेतले जाते ते मऊपणा देऊनच.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. फक्त बुश प्रेस करून बसवून घेतला, किंवा खडखडणारा एकच आर्म बदलला, तर काय बिघडते? कधी कधी काहीच बिघडत नाही. ज्या आर्मचा बुश वेगळा मिळतो आणि ज्याचा बॉल जॉइंट घट्ट, टोपी अखंड आहे, त्याला प्रेस मारून नवा बुश घालणे हे प्रामाणिक काम आहे. मात्र द्रवाचा बुश ठरावीक कोनातच बसवावा लागतो. त्याच्या पोकळ्या भाराच्या दिशेला आल्या नाहीत तर नवा बुशही मुका राहतो. दोन्ही टोके एकाच वयाची असताना एक नवे आणि एक जुने ठेवले, तर मजुरी दोनदा भरण्याची तयारी हवी. एकाच बाजूचा आर्म बदलण्याला माझा विरोध अधिक ठाम आहे. ब्रेक लावल्यावर नवा बुश थोडा आणि जुना जास्त दबतो, दोन्ही चाके सारखी मागे सरकत नाहीत आणि गाडी एका बाजूला ओढते. अपघातात वाकलेला आर्म सोडला तर जोडी बदलावी. वाकलेला ॲल्युमिनियमचा आर्म तापवून, ठोकून सरळ करून देणारा कारागीर भेटला तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. धातूला उष्णतेने दिलेली ताकद तापवल्यावर जाते, आणि आतली चीर बाहेरून दिसत नाही.

सगळेच आर्म सरसकट बदला, असा याचा अर्थ नाही. वर्कशॉपमध्ये या दिशेचा अतिरेकही चालतो. बुशाच्या पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसल्या की आर्म बाद ठरवला जातो. त्या भेगा वयाच्या असतात, रबर धातूपासून सुटत नाही किंवा खोल चिरत नाही तोवर बुश काम करत असतो. काळपट ओला ओघळ दिसला तर मात्र द्रव गेला, तिथे वाद नाही. छोट्या खड्ड्यावर येणारी खटखट पुष्कळदा स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडची असते, आणि तो भाग आर्मच्या मानाने फारच स्वस्त आहे. टायर आतल्या कडेने खाल्ला जातोय, सरळ रस्त्यावर गाडी सतत सावरावी लागते, ब्रेक लावताना एकच 'ठक्' येतो, स्टिअरिंग वळवताना करकर ऐकू येते, अशी लक्षणे एकत्र आली तर संशय आर्मवर घ्यावा. बॉल जॉइंटमध्ये हाताला जाणवणारा खुळखुळाट असेल तर तिथे पैशाचा विचार थांबतो. बुश गेला तर गाडी वाईट चालते. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक दुमडते.

प्रत्यक्ष बदलाच्या कामात एक चूक इतकी सर्रास होते की चांगल्या आर्मची बदनामी बहुतांशी तिच्यामुळे होत असावी, असे मला वाटते. गाडी लिफ्टवर घेतली की चाके खाली लोंबतात आणि आर्म खालच्या बाजूला झुकतात. त्याच अवस्थेत आतल्या टोकाचा बोल्ट करकचून आवळला, तर बुशाची आतली नळी तिथेच जखडली जाते. गाडी खाली उतरून चाकांवर उभी राहिली की आर्म वर येतो आणि रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते. गाडी नुसती उभी असतानाही त्याला सुटका नाही. असा बुश काही महिन्यांत चिरतो आणि दोष 'डुप्लिकेट माल' या खात्यावर जमा होतो. योग्य रीत अशी: गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून ठेवायचे, नवे आर्म ढिल्या बोल्टवर लावायचे, नकलखाली जॅक देऊन तेच अंतर साधायचे आणि मग टॉर्क रेंचने शेवटचे आवळायचे. ऑडीच्या वरच्या दोन दांड्यांचे आतले बोल्ट गाडीवर असताना हाताला येतच नाहीत. ते शॉकच्या माऊंटसह बाहेर, टेबलावर ठरलेल्या कोनात आवळून मग चढवावे लागतात. हा कोन अंदाजाने ठरवणाऱ्याला पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक परत भेटते.

याच ऑडींत वरच्या दोन्ही बॉल जॉइंटना नकलमध्ये धरणारा एकच लांब आडवा बोल्ट असतो, आणि पाणी व गंज यांनी तो भोकात असा धरतो की दोन तासांचे काम दोन दिवसांचे होते. ठोकून नकल फोडण्यापेक्षा गंज सोडवणारे तेल मारून वाट पाहणे स्वस्त पडते. अनेक ठिकाणी बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ठरलेल्या टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंश फिरवून त्यांना ताणलेले असते, म्हणून जुनेच परत लावणे ही काटकसर नव्हे. काही गाड्यांत हेडलाइटची पातळी किंवा एअर सस्पेंशनची उंची मोजणाऱ्या सेन्सरची छोटी दांडी आर्मलाच जोडलेली असते; ती सरळ बसवली नाही तर रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश पडतो. आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट हवेच. नव्या बुशांनी चाकाची जागा बदललेली असते, जुन्या झिजेला जुळवलेले टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कोन, नव्या आर्मला लागू पडत नाही, आणि तसेच सोडले तर नवे टायर काही हजार किलोमीटरांत आतून साफ होतात.

जुन्या आलिशान गाडीच्या बाजारात हा सगळा हिशेब एका रकमेत दिसतो. साठ लाखांची गाडी दहा वर्षांनी आठ लाखांना मिळते, पण तिच्या आर्मची किंमत साठ लाखांच्या गाडीचीच राहते. घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याइतकाच वेळ पुढच्या चाकांमागे टॉर्च मारून पाहण्यात घालवावा आणि आर्म बदलल्याचे बिल मागावे. बिल असेल तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही. नसेल तर पूर्ण संच, मजुरी आणि अलाइनमेंटचा आकडा भावातून वजा करावा. सुट्या भागांच्या दुकानात कंपनीचा शिक्का असलेला भाग आणि तोच भाग बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातला भाग यांच्या किमतीत मोठा फरक असतो आणि दुसरा घेण्यात कमीपणा नाही. घासाघीस करून अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्यापासून मात्र जपावे. रबराचे वय दुकानाच्या फळीवरही वाढत असते. पुष्कळ साच्यांत घड्याळासारखे एक लहान वर्तुळ कोरलेले असते, कडेला बारा महिने, मध्ये वर्ष आणि महिन्याकडे रोखलेला बाण. आर्मवर किंवा बुशावर ते सापडले, तर खोक्यावरच्या स्टिकरच्या आधी ते वाचावे.